पाइन कोण मारतो : साल पोखरणारा भुंगेरा की त्याने आणलेली बुरशी?

अरण्यवाट :
नमस्कार मंडळी. २००७ च्या ऑगस्टमध्ये मी नोकरीनिमित्त कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या मध्य भागात, प्रिन्स जॉर्ज या शहरी आलो. विमान उतरू लागले तेव्हा खालच्या टेकड्या विटकरी रंगाच्या दिसत होत्या. थंड देशांत पानगळीपूर्वी झाडे रंगतात एवढेच पुस्तकी ज्ञान गाठीशी असल्यामुळे मी शेजारच्या वृद्ध प्रवाशाला कौतुकाने म्हणालो, "तुमच्याकडे शरद ऋतू फारच लवकर येतो." त्यांनी खिडकीकडे न पाहताच उत्तर दिले, "हा ऋतू नव्हे. ही झाडे मेलेली आहेत." पाइन सदाहरित असतो, त्याच्या सगळ्या सुया लाल झाल्या म्हणजे झाड गेले, आणि गेले तेही बहुधा आदल्याच वर्षी, हे मला नंतर समजले.

याला कारणीभूत झालेला जीव तांदळाच्या दाण्याएवढा आहे. माउंटन पाइन बीटल हे त्याचे इंग्रजी नाव. मी येथे त्याला सालभुंगेरा म्हणेन. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या त्याच्या उद्रेकाची झळ या प्रांतातील सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला लागली आणि लॉजपोल पाइन या येथील जातीच्या विक्रीयोग्य लाकडाचा निम्म्याहून अधिक साठा नष्ट झाला. अंदाज यावा म्हणून सांगतो, संपूर्ण महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी ७ लाख हेक्टर आहे.

आता प्रश्न. येथील एका सुताराकडून मी निळसर रेघा असलेले पाइनचे टेबल घेतले. त्याचे म्हणणे असे की, हा निळा रंग बुरशीचा आहे, ती बुरशी भुंगेरा सोबत आणतो आणि झाड मरते ते बुरशीमुळे. भुंगेरा केवळ टपालवाला. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त वनकर्मचाऱ्याने मात्र ठामपणे सांगितले की, झाड भुंगेराच मारतो आणि बुरशी ही आयत्या बिळावरचा नागोबा आहे. दोघांचेही आयुष्य याच लाकडात गेले आहे. यांपैकी बरोबर कोण, हे जाणकारांनी सांगावे.

शंकेखोर :
दोघेही मिळून मारत असतील, तर धागा येथेच संपतो. पण आपल्याकडे धागे इतक्या लवकर संपत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

बुरशीमित्र :
विषय माझ्या आवडीचा असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

उन्हाळ्याच्या उत्तरार्धात या भुंगेऱ्याची मादी प्रथम झाड निवडते आणि सालीला भोक पाडून आत शिरते. निरोगी पाइन तिला राळेने बाहेर ढकलतो. खोडावर पॉपकॉर्नसारखे दिसणारे राळेचे गोळे म्हणजे या झटापटीच्या खुणा होत. येथे एक विलक्षण गोष्ट घडते. झाडाने संरक्षणासाठी सोडलेल्या राळेतील पाइनीन या द्रव्यापासून मादी ट्रान्स-व्हर्बेनॉल नावाचा गंध तयार करते आणि त्या गंधावर आसपासचे भुंगेरे धाव घेतात. नर आल्यावर तोही आपला गंध त्यात मिसळतो. अशा रीतीने काही दिवसांत एकाच खोडावर शेकडो भुंगेरे उतरतात आणि झाडाची राळ कमी पडते. झाड पुरेसे भरले की व्हर्बेनोन नावाचा दुसरा गंध वाढतो. त्याचा अर्थ "येथे आता जागा नाही, पुढे जा" असा असतो.

या भुंगेऱ्याच्या जबड्याच्या बुडाशी दोन सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत बुरशीचे बीजाणू सुरक्षित राहतात. ग्रॉसमानिया क्लॅव्हिजेरा आणि ऑफिओस्टोमा मॉन्टियम या त्यांतील दोन प्रमुख बुरशा होत. भुंगेरा सालीखाली भुयार खणू लागला की बीजाणू तेथे रुजतात आणि तंतू सालीलगतच्या जिवंत, पाणी वाहून नेणाऱ्या लाकडात शिरतात. तंतूंमध्ये मेलॅनिन असल्यामुळे लाकूड निळसर-करडे दिसते. मेलॅनिन म्हणजे तेच, ज्यामुळे आपले केस काळे असतात. (माझे आता नाहीत.) आडव्या कापलेल्या ओंडक्यावर हा रंग पाचरीच्या आकाराचा दिसतो, मधला गाभा मात्र स्वच्छ राहतो, कारण तेथे बुरशीला खायला जिवंत पेशी नसतात.

जुना सिद्धान्त असा की, बुरशी ही पाण्याची वाट बंद करते आणि झाड तहानेने मरते. म्हणजे तुमच्या सुताराची बाजू. मीही त्याच बाजूचा आहे.

हार्झकर :
जर्मनीतील हार्झ पर्वतात २०१८ च्या दुष्काळानंतर हेच दृश्य मी रोज पाहिले. ब्रॉकेन शिखराच्या वाटेवर मैलोन्‌मैल उभे सांगाडे होते. तेथील भुंगेऱ्याला जर्मन लोक 'बुखड्रुकर', म्हणजे पुस्तक छापणारा, म्हणतात. कारण सालीच्या आतल्या बाजूला त्याच्या भुयारांची नक्षी छापल्यासारखी उमटते.

अरण्यवाट :
@हार्झकर, नाव फार सुंदर आहे. परंतु ती झाडे स्प्रूसची आणि भुंगेराही वेगळा. आपण शक्य तोवर पाइनलाच धरून राहू या, नाहीतर भुंगेरा आणि बुरशी मिळून मारत असलेल्या एल्म, अवोकाडो अशा इतर झाडांमागे हा धागा जगभर हिंडून येईल.

सुतारपक्षी :
पुण्यात माझा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. आयात केलेल्या पाइनच्या फळ्यांत अधूनमधून असे निळे पट्टे निघतात आणि गिऱ्हाईक "लाकूड सडके दिले" म्हणून भांडायला उभे राहते. प्रत्यक्षात ही बुरशी लाकूड सडवत नाही. ती पेशींमध्ये साठलेली साखर, पिष्ट, स्निग्ध द्रव्ये यांवर जगते. लाकडाला ताकद देणाऱ्या भिंतींना ती फारसा धक्का लावत नाही. त्यामुळे अशी फळी जवळपास तितकीच मजबूत असते. सडवणाऱ्या बुरशा वेगळ्या. त्या लागल्या की लाकडात नख रुतते. मात्र आपल्याकडील प्रत्येक निळी फळी भुंगेऱ्यामुळेच निळी झाली असे समजू नये. कापलेले ओले लाकूड दमट हवेत रचून ठेवले तरीही अशाच जातीच्या बुरशा चढतात.

अमेरिकेत व कॅनडात हेच लाकूड 'डेनिम पाइन' म्हणून विकले जाते. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिकसाठी रिचमंड येथे बांधलेल्या स्केटिंगच्या सभागृहाचे छतही भुंगेऱ्याने मारलेल्या पाइनचे आहे. मी 'डेनिम' हा शब्द आमच्या गिऱ्हाइकांवर वापरून पाहिला. ते म्हणाले, "मग धुऊन द्या."

मंदा_कॅल्गरी :
अरण्यवाट, तुमचे भुंगेरे आमच्याकडेही पोहोचले. रॉकी पर्वतरांग ही त्यांच्यासाठी भिंत आहे असे पूर्वी मानले जाई. पण २००६ मध्ये वाऱ्यावर स्वार होऊन त्यांचे प्रचंड थवे आमच्या अल्बर्टा प्रांताच्या वायव्य भागात उतरले. पुढे त्यांनी जॅक पाइन या दुसऱ्या जातीच्या झाडांतही बस्तान बसवले. ही चिंतेची गोष्ट आहे, कारण जॅक पाइनचा पट्टा येथून पार पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरलेला आहे.

येथील लोक कडाक्याच्या थंडीची वाट पाहतात, हे आपल्या लोकांना सांगितले तर हसू येईल. अळ्या हिवाळ्यात आपल्या शरीरात ग्लिसरॉल साठवतात, म्हणून साधी थंडी त्यांना बाधत नाही. तापमान शून्याखाली ४० अंशांच्या आसपास काही दिवस राहिले तरच त्या मोठ्या संख्येने मरतात. अळ्यांच्या अंगात हे द्रव्य पुरेसे जमण्याआधी, म्हणजे शरद ऋतूतच, अचानक गोठवणारी लाट आली, तर त्याहून कमी थंडीही पुरते. हिवाळे सौम्य झाल्यावर हा पहारेकरीच गेला. त्यातच अनेक दशके वणवे विझवत राहिल्यामुळे एकाच वयाच्या जुन्या, जाड पाइनची जंगले शिल्लक राहिली होती, आणि भुंगेऱ्याला नेमकी जाड खोडेच हवी असतात.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर "हवामान" असे आहे.

शंकेखोर :
@मंदाताई, म्हणजे खून कोणी केला असे विचारल्यावर "दार उघडे होते" असे उत्तर आले.

मंदा_कॅल्गरी :
@शंकेखोर, दार उघडे टाकणारा आपणच असू, तर ते उत्तरही नोंदवायला हवे.

डाळिंबवाला :
मी सांगोला तालुक्यातील डाळिंब उत्पादक आहे. पाइन मी फक्त चित्रात पाहिला आहे, तरीही येथे लिहितो, कारण वरचे वर्णन वाचून अंगावर काटा आला. आमच्या बागांत मर रोग आहे. सेराटोसिस्टिस नावाची बुरशी मुळांतून आणि खोडातून झाडात शिरते. एक फांदी पिवळी पडते, मग दुसरी, आणि फळांनी लगडलेले झाड उभ्याउभ्या वाळते. खोड आडवे कापले की आतमध्ये करडे-तपकिरी डाग दिसतात, जवळजवळ बुरशीमित्रांनी सांगितलेल्या पाचरीसारखेच. आणि त्याच खोडावर टाचणीच्या टोकाएवढी भोके व खाली बारीक भुसा सापडतो. तो शॉट होल बोरर. आम्ही त्यालाही खोडकिडाच म्हणतो.

आमच्या गावात तुमच्यासारखाच वाद आहे. काही जण फक्त किडीसाठी गेरू आणि कीटकनाशकाचा लेप खोडाला लावतात, काही जण फक्त बुरशीनाशकाची आळवणी करतात, म्हणजे त्याचे द्रावण मुळांशी ओततात, आणि झाडे दोघांचीही जातात. मी स्वतः तीन वर्षे फक्त लेप देत राहिलो. पहिल्या वर्षी ४ झाडे गेली, तिसऱ्या वर्षी एक अख्खी ओळ.

बुरशीमित्र :
@डाळिंबवाला, आपला अनुभव येथे अगदी प्रस्तुत आहे, कारण त्यामुळे एक भेद स्पष्ट करता येतो. डाळिंबातील मर रोगाची बुरशी भुंगेऱ्याशिवायही पसरू शकते : रोगट झाडाच्या गुटी कलमांतून, मातीतून, वाहत्या पाण्यातून, छाटणीच्या कात्रीतून. भुंगेरा हा तिचा अनेक वाहनांपैकी एक आहे. पाइनच्या निळ्या बुरशीचे तसे नाही. तिचे बीजाणू चिकट असतात, वाऱ्यावर उडत नाहीत आणि अखंड सालीतून आत जाण्याचे साधन त्यांच्यापाशी नसते. एका झाडातून दुसऱ्यात जाण्यासाठी ती सर्वस्वी भुंगेऱ्यावर अवलंबून आहे.

चिकित्सक :
बुरशीमित्रांनी जुना सिद्धान्त उत्तम मांडला, पण तो आता निर्विवाद राहिलेला नाही हे सांगणे आवश्यक आहे. मोन्टाना विद्यापीठातील डायना सिक्स आणि दक्षिण आफ्रिकेतील मायकेल विंगफील्ड यांनी २०११ मध्ये एका विस्तृत लेखात त्याला थेट आव्हान दिले. त्यांचा युक्तिवाद मला समजला तसा मांडतो.

पहिला मुद्दा असा की, बुरशी झाड मारण्यासाठी आवश्यक असती, तर सर्वांत घातक भुंगेऱ्यांबरोबर सर्वांत घातक बुरशा दिसायला हव्या होत्या. तसे दिसत नाही. अमेरिकेच्या आग्नेय भागातील सदर्न पाइन बीटल हा अत्यंत विध्वंसक आहे. परंतु तो आपल्या अंगातील पिशवीत ज्या बुरशा जपून नेतो, त्या झाडाला फारशा बाधक नाहीत. उलट तेथे जी निळी बुरशी, ऑफिओस्टोमा मायनस, झाडात पसरते, ती ज्या भागात वाढते तेथे भुंगेऱ्याच्या अळ्या उपाशी राहतात. ही बुरशी भुंगेरा पिशवीत नेत नाही; त्याच्या अंगाला चिकटून प्रवास करणारे सूक्ष्म कोळी तिचे बीजाणू नेतात, कारण त्या कोळ्यांचे ते अन्न आहे. म्हणजे टपालवाल्याच्या पाठीवर दुसरा टपालवाला, आणि त्याच्या पिशवीत पहिल्याच्या नावाचे विष.

दुसरा मुद्दा वेळेचा. बुरशीचे तंतू लाकडात खोलवर पसरतात ते मुख्यतः राळेचा प्रतिकार मोडल्यावर. आणि तो प्रतिकार मोडतात शेकडो भुंगेरे एकाच वेळी.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भुंगेरा बुरशी सोबत नेतो तो तिला शस्त्र म्हणून नव्हे, तर शिदोरी म्हणून. झाडाच्या आतल्या सालीत नत्र अत्यल्प असते. बुरशी लाकडातील नत्र ओढून सालीत आणते आणि अळी ते खाते. शिवाय कीटकांना स्टेरॉल ही द्रव्ये स्वतः बनवता येत नाहीत. ती बुरशीकडून मिळतात. कोषातून बाहेर पडलेला तरुण भुंगेरा उडण्यापूर्वी आपल्या कोठडीच्या भिंतीवर वाढलेले बीजाणू खातो आणि त्याच वेळी त्याच्या पिशव्या भरतात.

मग बुरशी काही अंशी घातक का असते? त्यांचे उत्तर असे की, तो घातकपणा झाडाविरुद्ध नसून इतर बुरशांविरुद्धच्या शर्यतीत उपयोगी पडतो. जी बुरशी अजून जिवंत असलेल्या लाकडात आधी शिरेल, तिला ती जागा मिळेल.

सुतारपक्षी :
म्हणजे ही शेती झाली. बियाणे सोबत घेऊन स्थलांतर करणारे कुटुंब आणि नव्या गावी गेल्यावर पहिली पेरणी.

चिकित्सक :
@सुतारपक्षी, उपमा बरीच जवळची आहे. त्यात एवढीच भर घालतो की, या शेतीला तणनाशकही आहे. सदर्न पाइन बीटलच्या अंगावर स्ट्रेप्टोमायसिस गटातील जिवाणू आढळले असून त्यांचे प्रतिजैविक द्रव्य भुंगेऱ्याच्या अन्नबुरशीला फारसा त्रास न देता त्या उपद्रवी निळ्या बुरशीला रोखते. हे संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आणि मंदाताईंच्या हवामानाचा दुवाही येथेच आहे. माउंटन पाइन बीटलच्या दोन बुरशांपैकी ग्रॉसमानियाला थंडावा मानवतो, तर ऑफिओस्टोमा मॉन्टियमला ऊब. ज्या तापमानात भुंगेरा झाड सोडतो, त्यावर कोणती बुरशी त्याच्या पिशवीत जाणार हे बऱ्याच अंशी ठरते. दोन शिदोऱ्या असल्यामुळे त्याला दोन्ही प्रकारच्या ऋतूंत निभावून नेता येते.

बुरशीमित्र :
चिकित्सकांचे मुद्दे मान्य आहेत; तरीही मी शस्त्र खाली ठेवत नाही. कोलोरॅडोमध्ये लॉजपोल पाइनवर एक साधा पण अर्थपूर्ण प्रयोग झाला. काही झाडांना भुंगेरे लागलेले होते. दुसऱ्या काही झाडांची साल संशोधकांनी खोडाभोवती गोल कापून काढली. भुंगेरे सालीचे जे नुकसान करतात, त्याची ही नक्कल होती, मात्र बुरशीविना. साल काढलेली झाडे त्या उन्हाळ्यात निरोगी झाडांइतकेच पाणी ओढत राहिली. भुंगेरे लागलेल्या झाडांचे पाणी ओढणे मात्र त्याच हंगामात घसरले. केवळ साल पोखरल्याने झाड इतक्या लवकर मरत नाही. त्याला घाई करणारे दुसरे कोणीतरी आहे.

आणखी एक पुरावा बुरशीच्या जनुकांत आहे. ग्रॉसमानियाची संपूर्ण जनुकीय मांडणी कॅनडातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. राळेतील जी द्रव्ये बहुतेक बुरशांना विषासमान, ती ही बुरशी पेशीबाहेर फेकू शकते, इतकेच नव्हे तर त्यांतील काही खाऊन पचवू शकते. ज्या जिवाला फक्त मेलेल्या झाडात राहायचे आहे, त्याला जिवंत झाडाच्या विषाविरुद्ध इतकी तयारी कशाला लागेल?

चिकित्सक :
मेलेल्या झाडातही राळ असतेच की. पण प्रयोगाचा मुद्दा वजनदार आहे, हे मान्य करतो.

मिरजकर_काका :
मुलांनो, मला ८१ वर्षे झाली आणि आयुष्यभर मी शाळेत जीवशास्त्र शिकवले. आमच्या काळी "एक रोग, एक कारण" असे फळ्यावर लिहीत असू. या भुंगेऱ्याच्या गणाचे नाव डेन्ड्रोक्टोनस आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'वृक्षहंता'. हे नाव १८३६ सालचे आहे. म्हणजे नाव ठेवणाऱ्याने बुरशीची साक्ष न घेताच निकाल देऊन टाकला होता.

मॉन्टेरीची_सून :
मी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर राहते आणि आमच्या मागच्या अंगणात मॉन्टेरी पाइन आहे. वरील सर्व चर्चा एकाच भुंगेऱ्याभोवती फिरते आहे, म्हणून उलट टोकाचे उदाहरण देते.

आमच्याकडील रोगाचे नाव पिच कँकर. फ्युझेरियम सर्सिनेटम ही त्याची बुरशी १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात, सांता क्रूझ परिसरात, प्रथम आढळली. फांदीच्या टोकाला जखम होते, तेथून राळ ओघळत राहते, पुढचा भाग वाळतो आणि हळूहळू शेंडाच जातो. येथे बुरशी हाच खरा रोग आहे, याबद्दल कोणालाही शंका नाही. फांद्या आणि शंकू पोखरणारे छोटे भुंगेरे तिला झाडोझाडी नेतात व आत शिरायला जखम करून देतात. परंतु ते भुंगेरे एरवी निरुपद्रवी म्हणावेत असेच आहेत. तुमच्या सुताराचा टपालवाला हवा असेल, तर तो येथे भेटेल.

मॉन्टेरी पाइनची नैसर्गिक वने जगात केवळ पाच ठिकाणी आहेत : तीन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आणि दोन मेक्सिकोच्या बेटांवर. लागवड मात्र न्यूझीलंड, चिली, ऑस्ट्रेलियात अफाट आहे. सुतारपक्षींच्या कारखान्यात येणारा पाइन बहुधा त्याच जातीचा असेल.

सुतारपक्षी :
होय, न्यूझीलंडचाच. लाकडी खोक्यांवर आणि पॅलेटवर जो गव्हाच्या कणसासारखा शिक्का असतो, त्याचा अर्थ या निमित्ताने सांगतो. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटे राखले, किंवा दुसरी मान्य प्रक्रिया केली, की तो शिक्का मारता येतो. आत दडलेला भुंगेरा परदेशी जाऊ नये, यासाठीच तो नियम आहे.

दूनवासी :
डेहराडूनला वनशास्त्र शिकतो आहे. आपल्या हिमालयातील चीड म्हणजेही पाइनच. त्याच्यावर येणारा सालभुंगेराही आहे आणि इंग्रजी अमदानीत स्टेबिंग या वनकीटकतज्ज्ञाने त्याचे वर्णन केले. तो सहसा वणव्यात होरपळलेल्या, वादळात पडलेल्या किंवा अन्य कारणाने दुबळ्या झालेल्या झाडांवर येतो. म्हणजे कॅनडातील भुंगेऱ्यासारखा धडधाकट जंगल पाडणारा नव्हे.

सुतारपक्षींच्या शिक्क्याला जोडून चीनचे उदाहरण देतो, कारण तेथे मूळ प्रश्नाला वेगळेच वळण मिळते. उत्तर अमेरिकेतील लाल टर्पेंटाइन भुंगेरा मायदेशी किरकोळ मानला जातो. तो बहुतेक आधीच आजारी असलेल्या किंवा कापलेल्या झाडांच्या बुडख्यात राहतो. बहुधा लाकडाबरोबर तो चीनमध्ये गेला आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस शान्शी प्रांतात त्याचा उद्रेक झाला. तेथे त्याने ६० लाखांहून अधिक चिनी पाइन मारले. त्याच्यासोबत लेप्टोग्राफियम प्रोसेरम नावाची बुरशीही गेली होती. चीनमधील तिचे काही वाण तेथील झाडाला ३-कॅरीन हे गंधद्रव्य जास्त प्रमाणात सोडायला लावतात, आणि तोच गंध आणखी भुंगेऱ्यांना बोलावतो.

म्हणजे येथे बुरशी झाड मारते आहे की नाही हा प्रश्नच बाजूला पडतो. ती दवंडी पिटते आहे.

शंकेखोर :
टपालवाला, नागोबा, शेतकरी, आणि आता दवंडीवाला. आरोपींची संख्या वाढत चालली आहे, पण फिर्यादी झाड अजून गप्पच आहे.

मिरजकर_काका :
गप्प नाही, शंकेखोर. राळेचे गोळे ही त्याचीच फिर्याद आहे. त्या फिर्यादीचा वास घेऊन आणखी आरोपी जमतात, हे त्याचे दुर्दैव.

डाळिंबवाला :
एक व्यवहाराची शंका. बुरशीमित्रांनी तो "जागा नाही, पुढे जा" सांगणारा गंध लिहिला आहे. आमच्याकडे बोंडअळीसाठी कामगंध सापळे मिळतात. तसा हा उलटा गंध डाळिंबाच्या खोडकिड्यासाठी वापरता येईल का?

बुरशीमित्र :
@डाळिंबवाला, उत्तर अमेरिकेत व्हर्बेनोनच्या पुड्या मोलाच्या पाइनवर टांगतात. भुंगेऱ्यांची संख्या बेताची असेल तर त्यांचा उपयोग होतो. थवे उतरू लागले की त्या अपुऱ्या पडतात. तुमच्या भुंगेऱ्यावर मात्र त्या चालतील अशी अपेक्षा धरू नका. माउंटन पाइन बीटल एकमेकांना गंधाने हाका मारून जमतात. डाळिंबातील बोररच्या गटातले भुंगेरे मुख्यतः झाडाच्याच वासावर येतात. पाण्याचा ताण बसलेले किंवा मुळे गुदमरलेले झाड अल्कोहोलसारखा वास सोडते, आणि तोच त्यांना खुणावतो. शिवाय हा भुंगेरा लाकूड खातच नाही. तो भोकात स्वतःची बुरशी पेरतो आणि तीच खातो. म्हणून खाण्यातून पोटात जाणारे विष त्याच्यावर फारसे चालत नाही. तो आत शिरण्यापूर्वी खोडावर लेप असेल तरच उपयोग.

डाळिंबवाला :
बहार धरायला, म्हणजे झाड एकदम फुलावे म्हणून, आम्ही स्वतःच पाणी तोडून झाडाला ताण देतो. म्हणजे निमंत्रणपत्रिका आमच्याच हाताने छापली जाते.

अरण्यवाट :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण दरम्यान मी तो पुन्हा त्या दोघांपुढे मांडला.

निवृत्त वनकर्मचारी मला गावाबाहेरच्या एका पट्ट्यात घेऊन गेले. तेथे उभे असलेले करडे पाइन माझ्या येथे येण्याच्या आसपास मेलेले आहेत. त्यांनी कुऱ्हाडीने एका खोडाची साल सोलली. आतल्या बाजूला उभी, खाली किंचित वळलेली भुयारे होती आणि त्यांना दोन्ही बाजूंनी फुटलेल्या अळ्यांच्या आडव्या वाटा. मी त्यांना साल कापण्याचा कोलोरॅडोतील प्रयोग सांगितला. ते थोडा वेळ थांबून म्हणाले की, त्यांच्या तरुणपणी कुंपणाच्या तारेने साल पूर्ण कापली गेलेली काही झाडे दोन-दोन वर्षे हिरवी उभी राहिलेली त्यांनी पाहिली होती; या गोष्टीचा भुंगेऱ्याशी संबंध जोडावा असे मात्र कधी सुचले नव्हते.

सुताराला मी सदर्न पाइन बीटलची गोष्ट सांगितली : तेथे निळी बुरशीच भुंगेऱ्याच्या पिलांचा घास काढून घेते. त्याला ती पटली नाही. त्याच्या मते निळे लाकूड जेथे, तेथे भुंगेऱ्याचे राज्य.

माझे स्वतःचे मत या चर्चेने बदलले आहे. मी विचारताना असे गृहीत धरले होते की उत्तर सर्व पाइनसाठी एकच असेल. मॉन्टेरीच्या अंगणात बुरशी हा रोग आहे आणि भुंगेरा वाहन. अमेरिकेच्या आग्नेय भागात भुंगेरा बुरशीच्या मदतीवाचून झाड पाडतो. आमच्या लॉजपोल पाइनमध्ये झाडाचा प्रतिकार मोडतो तो भुंगेरा, आणि प्रतिकार मोडल्यावर त्याची शेवटची तहान लवकर आणते ती बुरशी, असे मला बुरशीमित्र व चिकित्सक यांचे म्हणणे एकत्र वाचून वाटते. चिकित्सक कदाचित यातील 'लवकर आणते' या शब्दांवर आक्षेप घेतील.

चिकित्सक :
'आणते' वर नाही, 'ती' वर घेईन. पाण्याची वाट बंद होण्यात बुरशीचा वाटा किती आणि स्वतःच्या जखमा बुजवण्यासाठी झाडाने आपल्याच नलिकांत ओतलेल्या राळेचा किती, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही.

बुरशीमित्र :
हा आक्षेप योग्य आहे. यावर स्वतंत्र धागा काढतो.

शंकेखोर :
पहिल्या प्रतिसादात मी काय म्हणालो होतो, ते कोणी वाचले का?

डाळिंबवाला :
मी वाचले होते. आज सकाळी राहिलेल्या झाडांची खोडे एकेक करून पाहिली. सात झाडांखाली ताजा भुसा आहे. त्यांपैकी दोन कापली. एकाच्या आत डाग आहे, दुसरे आतून स्वच्छ आहे. स्वच्छ निघालेल्या झाडाचे वाईट वाटते आहे. उरलेल्या पाचांना आज लेपही देतो आणि आळवणीही.